आतलं माप

आमच्या गल्लीतले शालिकमामा माणसाकडे सरळ पाहत नसत. बाभळीच्या चार काटक्या सुतळीने बांधून केलेली एक रिकामी चौकट कायम त्यांच्या खांद्याला अडकवलेली असे. कोणी समोर आलं की ती काढायची, एक डोळा मिटायचा, हात पुढे-मागे करायचा आणि म्हणायचं, "बसते." नाहीतर म्हणायचं, "नाही बसत." मग चौकट पुन्हा खांद्यावर आणि मामा आपल्या वाटेने चालू लागत.

मी मलकापूरची. लग्न होऊन धामणगाव बढ्याला आले त्याच आठवड्यात दारात उभी राहून सूप झटकत होते, तर हे उंच, वाळलेले, स्वच्छ धोतरातले गृहस्थ समोर थांबले आणि त्यांनी माझ्यावर चौकट धरली. मला हसू आलं. तेवढ्यात मागून कोणीतरी दंड धरून मला आत ओढलं आणि दार लावलं. सासूबाई होत्या. ज्या बाईला सगळं घर घाबरे, तिच्या ओठांना रंग नव्हता.

"तुले पाह्यलं त्यानं?"

"पाहिलं."

"काय म्हने?"

"नाही बसत म्हणाले."

 सासूबाईंनी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि जाताना मलाच चार शब्द सुनावले, की दारात उभं राहायची एवढी हौस असेल तर माहेरी उभं राहायचं होतं.

गल्लीचं म्हणणं असं, की मामा ज्याला "बसते" म्हणतात तो माणूस उरत नाही. कोपऱ्यावरचे कोंडूजी अंथरुणाला खिळले होते. मामा चौकट घेऊन घरात शिरले, "बसते" म्हणाले, आणि पोळ्याआधी कोंडूजी गेले. तेल्याच्या म्हातारीचं तसंच झालं. त्याहून वाईट म्हणजे, माणूस गेल्यावर त्या घराच्या भिंतीत एक खिडकी उरे. खिडकी तरी धड असावी. कोंडूजींची गुडघ्याएवढ्या उंचीवर होती आणि इतकी बुटकी, की तिच्यातून मांजरानेही अंग चोरून जावं. म्हातारीची छताला टेकलेली, तळहाताएवढी. आमच्याकडची घरं धाब्याची, वर सपाट मातीचं छत, भिंती दोन-दोन हात जाड मातीच्या, आणि गल्लीकडे खिडकी ठेवायची फारशी रीत नाही. त्यामुळे ही असली भोकं दुरूनच नजरेत भरत. तिन्हीसांजेला त्यांच्याकडे कोणी पाहत नसे. मी नवी होते, म्हणून एकदा पाहिलं. कोंडूजींच्या त्या बुटक्या खिडकीतून आतला अंधार माझ्याकडे पाहतोय असं वाटलं आणि मी डोक्यावरची घागर कशीबशी सावरत घरी आले.

मामांच्या घरात बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. शेत बटईने दिलेलं. दिवसभर करायचं काय, तर ते भर दुपारी कुठेही उताणे पडलेले सापडत. देवळाच्या ओट्यावर, बैलगाडीखाली, कोणाच्याही गोठ्यात. चौकट डोळ्यांवर धरलेली आणि अंग अगदी स्थिर. एकदा आमच्या ह्यांची गाडी त्यांच्या पायावरूनच जायची.

"मामा, इथं काऊन निजले?" ह्यांनी विचारलं.

"निजलो नाही बे. पाहून राह्यलो."

"काय?"

"निजलेल्याले काय दिसते, ते."

हे घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. एरवी हे दुसऱ्या कोणाच्या मरणानेही जेवण सोडणाऱ्यांतले नाहीत.

मामांचं एक पालुपद होतं, "पयले आतलं, मंग चौकट." ते कुठेही लागू पडे. कोणी पोरीसाठी स्थळ पाहायला निघालं, की मामा म्हणत, "घर पाहू नोका, पयले आतलं पाहा." तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमच्या सासूबाई तर अजून नागपूरच्या सरकारलाच शिव्या घालत, मुंबईच्या सरकारची अजून तेवढी ओळख झाली नव्हती. चावडीवर पेढे वाटले तेव्हा मामांनी पेढा घेतला आणि विचारलं, "चौकट तं झाली. आतलं कवा येते?" लोक हसले. पण हसणारे सगळे त्यांच्या समोरून जरा बाजूला सरकून हसले, न जाणो चौकट वर व्हायची.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात सासूबाई धाब्यावर मिरच्या वाळत घालायला चढल्या आणि उतरताना पडल्या. खुबा मोडला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हलवायचं नाही, पडून राहायचं. माजघरात खाट टाकली. माजघर म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात थंड आणि सगळ्यात अंधारी खोली. कुठूनही उजेड नाही. समोर भिंत, पलीकडे स्वयंपाकघर.

पहिले काही दिवस सासूबाईंनी त्या खाटेवरून राज्य चालवलं. भाकरी करपल्याचा वास त्यांना भाकरी करपायच्या आधी येई. मग हळूहळू बोलणं कमी झालं. मग शिव्या थांबल्या. आता तुम्हाला खोटं वाटेल, पण मला त्या शिव्यांची आठवण येऊ लागली. त्या नुसत्या भिंतीकडे पाहत पडून राहत. ताट नेलं तर म्हणत, "ने परत." हाताला धरून उठवायला गेलं तर हात ओल्या कापडासारखा लोंबे. ह्यांनी एकदा मला बाहेर बोलावून हळूच विचारलं, "माय वाचन का व?" मी न शिवलेलं ताट त्यांना दाखवलं.

अशाच एका दुपारी दारावर सावली पडली. पाहते तर शालिकमामा, खांद्याला चौकट.

मी दारात आडवी उभी राहिले. "मामा, घरी कोणी नाही."

"म्हातारी तं हाय."

"त्यांना झोप लागली आहे."

मामांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. त्यांची ती सवयच होती, बोलायचं तुमच्याशी आणि पाहायचं तुमच्या मागे. ज्याच्याशी बोलतायत तो मागेच कोणीतरी उभा आहे असं वाटून मी मागे वळून पाहिलं. मी दार लावणार, एवढ्यात आतून आवाज आला. कित्येक दिवसांनी आलेला आवाज.

"कोन व? शालिक? येऊ दे त्याले."

मी बाजूला झाले. आजही मला सांगता येणार नाही, की मी का झाले. दार लावलं असतं तर सासूबाईंचा शब्द मोडला असता, आणि उघडं ठेवलं तर सासूबाईच जातील असं वाटत होतं. सवयीनं शब्द जिंकला, एवढंच.

मामा आत गेले आणि सासूबाईंच्या खाटेशेजारी जमिनीवर उताणे झाले. मग विचार करून उठले, कोपऱ्यातले पाट एकावर एक रचून उशाला घेतले आणि डोकं खाटेच्या उंचीला आणून पुन्हा पडले. दोघं म्हातारे शेजारी शेजारी पडून समोरच्या काळ्या भिंतीकडे पाहत होते.  मी दाराला धरून उभी होते.

"बाई," मामा शेवटी म्हणाले, "काय दिसाले पायजे?"

 मला वाटलं, आता तुळस म्हणतील. देवघर म्हणतील. शेताकडची वाट म्हणतील, जिच्यावरून मुलगा घरी येतो.

"चूल," सासूबाई म्हणाल्या. "हे सून मीठ किती घालते, ते मले दिसलं पायजे."

मामांनी मान हलवली. जणू जगातली सगळी मरू घातलेली माणसं हेच मागतात.

मग त्यांनी पहारीने माजघर आणि स्वयंपाकघरामधल्या भिंतीत एक भोक पाडलं आणि मला सांगितलं, "सूनबाई, चुलीपाशी बसा. भाकर थापा. रोज थापता तशी."

मी बसले. पीठ मळलं. वर पाहिलं, तर भिंतीत भोक होतं आणि भोकात एक डोळा होता. पापणी हलत नव्हती.

"हलू नोका," भिंत म्हणाली. "थापा."

मी थापत राहिले. पिठाचा गोळा कुठे चाललाय, परात कुठे आहे, कशाचं भान नाही. भिंतीपलीकडे सुतळीला गाठी मारल्याचा, ती ताणल्याचा आवाज येत होता. मग डोळा मागे गेला, भोक काळं झालं आणि आतून मामांचा तो शांत, समाधानी आवाज आला.

"बसते."

माझा हात पिठातच राहिला. चौकटीत सासूबाई नव्हत्या. मी होते.

इब्राहिम मिस्त्रींनी चौकट बनवून आणली. मिस्त्री गावातले जुने सुतार, मामांच्या सगळ्या खिडक्या त्यांच्याच हातच्या. भिंत फोडून चौकट बसवली, मातीने लिंपून घेतली. सासूबाईंची उशी सारखी केली, मला चुलीपाशी बसवलं आणि सगळे माजघरात जमले. 

मग सासूबाईंचा आवाज आला. "शालिक, हे काय दावलं बे मले? सुनेले मुंडकं कुठं हाय?"

मी उठून आत गेले आणि सासूबाईंच्या उशीशी वाकून पाहिलं. परात खिडकीच्या खाली गेली होती, आणि बसणाऱ्याचं डोकं वरच्या लाकडाआड. मधे नुसतं धड दिसणार. माझ्या जागी वत्सलाकाकूंना बसवून पाहिलं. चुलीच्या उजेडात लाल झालेलं, बिनमुंडक्याचं, बिनहातांचं बाईचं धड डुलत होतं. वत्सलाकाकू आमच्या शेजारच्या. गल्लीत जे घडतं ते आणि जे घडत नाही तेही त्यांच्यामार्फतच सगळीकडे पोचतं. त्यांना कळेना, की सगळे असे काय पाहतायत. मग मी पुन्हा चुलीपाशी बसले आणि त्या येऊन पाहून गेल्या.

"मामा, नाप तो बराबर है," मिस्त्री म्हणाले. "तुमी दिली तेच दोरी लावली मी. देखो." त्यांनी गाठी मारलेली सुतळी चौकटीला लावून दाखवली. बरोबर जुळली.

"बाहेरून लावली," मामा म्हणाले. "मी माप आतलं देल्लं होतं. हे चार-चार बोटं लाकूड हाय ना, थे आतलं खाते. वरून तिचं डोकं खाल्लं, खालून हात खाल्ले."

बोलताना ते खाली बसले. मिस्त्रींवर रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा असा झाला, की मिस्त्रींनी न सांगता चौकट काढायला घेतली. इतक्या खिडक्यांत असं कधी झालं नव्हतं, असं मिस्त्री मला पुन्हा पुन्हा सांगत होते. आणि तेच ऐकून मी आणखी गार पडत होते.

नवी चौकट मोठी झाली, भिंत आणखी फुटली आणि सासूबाईंना चूल, परात आणि सून सगळं अखंड दिसू लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीतून पहिली शिवी आली. "अवं, मूठभर मीठ! कोन्या हत्तीचा सयपाक हाय?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी त्या अर्धी भाकरी जेवल्या. मग अख्खी जेवू लागल्या. मी काय करते, कशी करते, कोणत्या हाताने करते, सगळ्यावर त्यांचं मत होतं आणि ते मत सांगायला त्यांना ताकद लागे, म्हणून त्या खात. पाऊस संपेपर्यंत त्या काठी टेकत माजघरात चालू लागल्या.

गल्लीला हे पचलं नाही. मामांनी "बसते" म्हटलेलं माणूस जगतं कसं? वत्सलाकाकूंनी कोडं सोडवलं. म्हातारीला म्हटलंच नव्हतं. सुनेला म्हटलं होतं. आणि खिडकीनेही दाखवून दिलं होतं, आधी मुंडकं नव्हतंच. त्या नारळ घेऊन आल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोरी, एकदा माहेरी जाऊन ये. सगळ्याईले भेटून घे."

मी हसण्यावारी नेलं. पण चुलीपाशी बसले की मानेभोवती गार वाटे. पाण्याला गेले की बायका वाट देत, पहिली घागर मला भरू देत. त्या आदराने मी अर्धी झाले. ताप येऊ लागला. ह्यांना सांगितलं तर आधी हसले, मग हसायचे थांबले, ते जास्त वाईट होतं. मी खरंच भ्याले होते. मला अजून मूल व्हायचं होतं, आणि गल्लीने मला ओवाळून टाकलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर घरं पोतारायला काढली. सासूबाईंनी खिडकीतून हुकूम सोडला, "एक बादली पांढरी माती शालिकच्या घरी ने. त्याच्या भिंतीले बाईचा हात लागला नाही कवाचा. चारी भिंती पोतारून दे."

"मी नाही जात," मी म्हटलं. तोवर मी त्यांना 'नाही' असं कधी म्हटलं नव्हतं.

"काऊन?"

मग सगळंच बाहेर आलं, रडत, शेंबूड पुसत. सासूबाई खिडकीतून माझ्याकडे पाहत राहिल्या.

"येडी हाय का तू? कोंडूजी, तेल्याची म्हातारी, सारे पयलेच चालले होते व. मरनाऱ्याच्या घरी कोनी जाऊन बसत नाही, तो जाते. मी बी त्याले दार लावत होती, खाटेवर पडली तवा समजलं." मग म्हणाल्या, "जाय. माती वाळून जाईन."

बोलणं पटलं, पण पायांना पटत नव्हतं. तरी बादली आणि पोतेरं घेऊन गेले.

मामांचं घर म्हणजे एक लांब खोली आणि एक दार. गावभर खिडक्या पाडत फिरणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात एकही खिडकी नव्हती. दुपार कलली होती. मामा आत जमिनीवर चटई टाकून कुशीवर पडले होते, तोंड भिंतीकडे. चौकट खुंटीला होती. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. हे गेले की काय, आणि गेले असले तर गल्ली आता मला काय म्हणेल, असं काहीतरी मनात येतंय तोच ते मान न वळवता म्हणाले, "या सूनबाई. करा तुमचं काम."

मी दाराकडची भिंत पोतारली. मग समोरची. मग तिसरी. ते तसेच पडून होते, हालचाल नाही, मध्येच श्वास ऐकू येई तेवढंच. आता त्यांच्या तोंडासमोरची भिंत उरली. मी पोतेरं बुडवलं, पिळलं आणि हात उचलला.

"हात मांगं घ्या."

हा माणूस ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. मामा उठून माझ्या आणि भिंतीच्या मध्ये उभे होते, दोन्ही हात पसरून. पोतेऱ्यातलं पांढरं पाणी त्यांच्या धोतरावर गळत होतं. 

जरा वेळाने ते खाली बसले. "रुखमी इथं पडून होती," ते म्हणाले. रुखमी त्यांची बायको, मी येण्याच्या कितीतरी आधी गेलेली. "सारा पावसाळा. मले विचारे, बाहेर काय चालू हाय? मी म्हनो, काय चालन, तेच थे. ते भित्तीकडे पाहत राहे. म्या म्हटलं, पीक निघू दे, तुले खिडकी काढून देतो. पीक निघालं. ते नाही राह्यली."

"मग खिडकी?"

"काढाले आलतो. पहार आनली. माप घ्याले तिच्या जागेवर निजलो, तं मले दिसलं."

"काय?"

"उभ्यानं नाही दिसत."

सुनेने सासऱ्याच्या वयाच्या माणसासमोर आडवं व्हायचं नसतं. पण मी पदर घट्ट घेतला आणि त्या चटईवर पडले. दारातून येणारं तिरपं ऊन भिंतीवर आडवं सांडलं होतं, आणि उभी असताना मला जी नुसती मातकट भिंत वाटली होती ती हातांनी भरून गेली. लिंपताना उमटलेले बोटांचे अर्धगोल, एकावर एक, चार बोटं आणि बाजूला अंगठा, खालपासून वरपर्यंत.

"आदल्या साली तिनं लिंपली होती," मामा माझ्या मागून बोलत होते. "मले वाटे भित्तीकडे पाह्यते. ते आपलाच हात पाहत होती. मंग खिडकी कुठं काढू सांगा. इथं काढली तं अंगठा जाते. तिथं काढली तं सारी बोटं जातात. कितीकदा चौकट लावून पाह्यली. कशीबी धरा, तिचं कायतरी बाहेर राह्यते."

  माझी भीती केव्हा गेली ते मला कळलंही नव्हतं. त्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं आणि ते भीतीपेक्षा जड होतं.

अगदी खाली, पडलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, ते अर्धगोल झिजून गुळगुळीत झाले होते. रुखमीने पडल्या पडल्या तिथे बोटं फिरवली असतील. की मामा फिरवत होते, रोज, कोण जाणे. मी माझा हात त्या ठशांच्या जवळ नेला, भिंतीला न लावता, नुसता धरून पाहिला. तिचा हात माझ्याहून बराच लहान होता. तेवढ्याशा हाताने तिने छतापर्यंत भिंत लिंपली होती.